मे महिन्यातली बादली

मराठवाड्यात बाग लावायची तर रोपवाटिकेत जाण्याआधी घरातलं पाणी बघावं लागतं. मृगाचा पाऊस पडला की सगळंच उगवतं. शेजारचे काड्या आणून देतात, कुंड्या वाढत जातात, श्रावणात गच्ची हिरवीगार दिसते. मग मार्च उजाडतो. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येऊ लागतं आणि बोअर पाच मिनिटांत उचक्या देतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, हे इथलं कुणी विसरलेलं नाही. हौसेच्या बागेत दोन झाडं वाळली तर माणूस हळहळतो आणि पुढच्या पावसाची वाट बघतो. पण खचलेल्या, आजारातून उठणाऱ्या किंवा घरात एकट्या पडलेल्या माणसासाठी बाग लावली असेल, तर डोळ्यांदेखत वाळणारी कुंडी त्याला आणखी एक हार वाटते. आधीच ‘माझ्या हातून काहीच होत नाही’ असं ज्याला वाटतंय, त्याच्या हाती पुरावाच दिल्यासारखं होतं. म्हणून अशा बागेचा आकार मे महिन्यात हाताशी उरणाऱ्या पाण्यावर ठरवावा, असं माझं ठाम मत आहे.

हिशोब अवघड नाही. बारा इंची कुंडीला थंडीत दिवसाआड लिटरभर पाणी पुरतं. मे महिन्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तीच कुंडी रोज दोन-अडीच लिटर मागते. मातीवर दोन इंच सोयाबीनचं भुस्कट किंवा वाळका पाला पसरला आणि दुपारच्या उन्हावर ५० टक्के सावलीची शेडनेट बांधली, तर ती दीड लिटरवर येते. म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत दहा कुंड्या बसतात. सांडलवंड धरून आठच समजा. चार-पाच माणसांच्या घरात तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी साठवलं तर जवळपास निम्मी बादली त्यातूनच भरते. एवढी एक बादली टँकरच्या दिवसांतही निघत असेल तर आठ कुंड्या लावा. अर्धीच निघत असेल तर चार लावा. चार कुंड्यांनी काम होतं. वीस कुंड्या लावून बारा वाळवल्या तर होत नाही.

कोणतंही पाणी चालेल असं मात्र नाही. कपड्यांच्या सोड्याच्या पाण्यात सोडियम असतं. त्यानं काळी माती चिवट होते, तिच्यातल्या बारीक पोकळ्या बुजतात आणि पाणी वरच तुंबतं. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी लोक मोठ्या प्रेमानं झाडांना घालतात. पण आपल्याकडं बोअरचं पाणी मुळातच जड. त्यातले क्षार फिल्टर एका बाजूला काढतो आणि नेमके तेच आपण कुंडीत साठवतो. चार-सहा महिन्यांत कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरते, पानांची टोकं जळतात. ते पाणी फरशीला वापरावं. अंघोळीचं चालतं, पण साबण लावण्याआधीचं. न्हाणीच्या सांडव्यावर अळू आणि कर्दळ पूर्वापार लावत आलेत, ती दोन्ही साबणाच्या पाण्यालाही जुमानत नाहीत.

आणि पाणी वर नेणार कोण, हेही आधीच ठरवावं. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर सासऱ्यांसाठी बाग आणि बादल्या मात्र सुनेच्या हातात, असं होत असेल तर एकाच्या औषधासाठी दुसरीची पाठ मोडते. बाग पाण्याजवळ आणावी. न्हाणीचं दार, ओसरीची पायरी, स्वयंपाकघराची खिडकी, जिथून पाणी निघतं तिथून दहा पावलांत.

बागकामानं बरं वाटतं यात काही गूढ नाही. नैराश्यात माणूस हळूहळू सगळं सोडून देतो. सोडल्यामुळं मिळणारं समाधानही आटतं आणि ते आटल्यामुळं आणखी सुटत जातं. मानसोपचारात याच्यावर एक सरळ उपाय करतात. इच्छा होईपर्यंत थांबायचं नाही, एक लहानसं ठरलेलं काम ठरल्या वेळी करायचं, इच्छा मागून येते. कुंडी असं काम आयतं देते. त्यात सकाळचा उजेड मिळतो, त्यामुळं रात्रीच्या झोपेची घडी बसायला मदत होते. वाकणं, उचलणं, चिमटीत धरणं, असा थोडा व्यायामही होतो. नेदरलँड्समध्ये २०११ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. ताण देणारं काम करून घेतल्यावर काही जणांना अर्धा तास बागेत काम दिलं, काहींना घरात बसून वाचायला दिलं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागेतल्या गटात जास्त उतरलं आणि मनःस्थितीही त्यांचीच सावरली. अर्थात नेदरलँड्सचं ऊन आणि परभणीचं ऊन यांत फरक आहे. इथं दुपारी बारा वाजता तोच अर्धा तास माणसाला आडवा करील. सकाळी सात-साडेसातच्या आत किंवा ऊन कलल्यावर, वीस ते तीस मिनिटं, एवढी मात्रा पुरे.

ज्याला अंथरुणातून उठताच येत नाही त्याच्यासाठीही काही करता येतं. रॉजर उलरिक या संशोधकानं १९८४ साली दाखवलं की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. घरी हे करताना एक चूक हमखास होते. कुंडी उभ्या माणसाच्या नजरेनं ठेवली जाते आणि खाटेवरच्या माणसाला फक्त कुंडीचं बूड दिसतं. आधी स्वतः खाटेवर आडवं व्हावं, उशीवर डोकं टेकावं, मग कुंडीची जागा ठरवावी.

सुरुवात कशानं करावी, तर मेथीनं. गुलाब, बोन्साय, ऑर्किड ही नंतरची कामं. खचलेल्या मनाला तीन महिने थांबता येत नाही. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वर काढते. घरातल्याच डब्यातले दाणे चालतात. आंब्याची रिकामी पेटी किंवा दीड फूट बाय एक फूट, सहा इंच खोल असा कुठलाही ट्रे घ्या. तळाला बोटभर जाडीची सात-आठ भोकं पाडा. दोन मोठे चमचे मेथी रात्रभर भिजवा. सकाळी पाणी निथळून दाणे ओल्या मातीवर पसरा, एकमेकांना चिकटणार नाहीत इतके विरळ. वर पेरभरही नको, अर्ध्या पेराएवढी माती भुरभुरवा आणि झारीनं पाणी द्या. तांब्यानं ओतलं तर दाणे एका कोपऱ्यात वाहून जातात. मुंग्या दाणे पळवतात आणि पारवे कोंब खुडतात, म्हणून पहिला आठवडा जुनी ओढणी ताणून बांधावी. थंडीत पंचवीस-तीस दिवसांत भाजी कापायला येते.

यात बिघडतं ते बहुधा जास्त मायेनं. दिवसातून तीनदा पाणी आणि दाटीची पेरणी, तीही पावसाळी दमट हवेत, असं झालं की कोंब मातीलगत बारीक पडून आडवे होतात. ही बुरशी आहे, ती एका कोपऱ्यातून दोन दिवसांत सगळा ट्रे खाते. तेवढा भाग मातीसकट उचलून टाकावा, पाणी एक दिवस तोडावं आणि ट्रे वाऱ्यावर ठेवावा. पाणी द्यायचं की नाही हे बोट सांगतं. दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावं, ओल लागली तर आज पाणी नाही. मे महिन्यात मेथी लावूच नये, ती करपते. कोथिंबीरही तेव्हा नको. शिवाय ती उगवायला आठ-दहा दिवस घेते. रगडून दोन फाकी केलेले धणे पेरावे लागतात हे अनेकांना ठाऊक नसतं, आणि अख्खे धणे पेरून माणूस पंधरा दिवस रिकाम्या मातीकडं बघत बसतो. पहिलं बी म्हणून धणे नकोतच.

सुरुवातीला कामाची वाटणी अशी असावी की एका दिवशी दहा मिनिटांहून जास्त लागू नयेत. पहिल्या दिवशी फक्त मेथी भिजवायची, दुसऱ्या दिवशी पेरायची, तिसऱ्या दिवशी ओढणी उचलून नुसतं बघायचं. ‘उठा, जरा हातपाय हलवा, मन रमेल’ या वाक्यानं आजवर कुणाचं मन रमलेलं नाही. ‘आबा, ह्या दोन कुंड्या तुमच्याकडं. सकाळचा चहा झाला की एक-एक तांब्या,’ असं सांगितलं तर ते ऐकता येतं, कारण त्यात काम किती आणि कधी, दोन्ही आहे. एखाद्या दिवशी आबा उठले नाहीत तर कुणीतरी गुपचूप पाणी घालावं आणि त्याचा उच्चारही करू नये. ‘बघा, तुमच्यामुळं वाळलं’ हे वाक्य महिन्याभराची कमाई घालवतं.

आता मातीबद्दल. हा विषय इथं नाजूक आहे. ‘मातीत हात घाला, बरं वाटेल’ हा सल्ला शहरात गोड लागतो. ज्याचं सोयाबीन काढणीच्या तोंडावर पाण्यात गेलं किंवा ज्याचा कापूस बोंडअळीनं खाल्ला, त्याला त्याच काळ्या मातीत शांती शोधायला सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. त्याच्या लेखी माती म्हणजे बँकेचा हप्ता, बियाण्याची उधारी, लेकीचं लग्न. अशा घरात अंगणातली बाग शेतीसारखी दिसताच कामा नये. तिथं विकता येईल असं काही लावू नका. चार मिरच्यांची झाडं लावली की भाव आठवतो, वजन होतं. देवाला फुलं, गवती चहा, नातवंडांना तोडून खाता येतील अशा वालाच्या शेंगा, गोकर्णाचा वेल एवढंच असावं. आणि ‘किती निघालं?’ हा प्रश्न त्या अंगणापुरता बंद ठेवावा. काही शेतकऱ्यांना मात्र उलट होतं. रान विकलं गेलेलं असतं, मुलाकडं शहरात यावं लागलेलं असतं, आणि हाताला काम नसणं हेच दुखणं असतं. त्यांना भेंडी द्यावी, दोडक्याचा मांडव द्यावा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं केवडा या पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूरोगाला तोंड देण्यासाठी काढलेलं ‘परभणी क्रांती’ हे भेंडीचं वाण त्यांना नावानं माहीत असतं. बारा इंची कुंडीत दोन रोपं लावली की दीड महिन्यानं आजोबा शेजाऱ्यांना भेंडी वाटताना दिसतात. कुणाला काय द्यायचं हे माणूस बघूनच ठरतं.

काळी माती जमिनीत सोन्यासारखी असली तरी कुंडीत घात करते. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या कडा सोडते. मग घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं, बुडातून वाहिलेलं बघून आपल्याला पाणी पोचलं असं वाटतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी तासभर पाण्याच्या घमेल्यात बसवून खालून भिजवावी लागते. मुळात एकटी काळी माती भरूच नये. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट. शेणखत कुजलं की नाही ते वासावरून कळतं. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे, त्यात हुमणी ही मुळं खाणारी अळी असते आणि त्याच्या उष्णतेनं मुळं जळतात. कोकोपीट घालण्यामागं आणखी एक कारण आहे. काळ्या मातीची भिजलेली बारा इंची कुंडी वीस किलोच्या वर जाते. ती सरकवताना पाठ धरली की बागकाम तिथंच थांबतं.

शरीराची कुरकुर असणाऱ्यांनी वाकायचंच नाही, बाग वर आणायची. उभ्यानं काम करणाऱ्यासाठी वाफा जमिनीपासून अडीच ते तीन फुटांवर असावा, खुर्चीत बसणाऱ्यासाठी सव्वादोन-अडीच फुटांवर आणि खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा ठेवून. एकाच बाजूनं हात पोचत असेल तर रुंदी दोन फुटांहून जास्त नको. नाहीतर पलीकडचं रोप ओढताना तोल जातो. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली की मूठ जाड होते आणि सांधेदुखीच्या बोटांना पकड सोपी जाते. अर्धांगवायूनंतर हात चालता करायचा असेल तर फवाऱ्याची बाटली दाबणं, ओलं कोकोपीट मुठीत पिळणं, झेंडूच्या वाळक्या फुलातून बी सोडवणं ही कामं उपयोगी पडतात. किती वेळा करायची ते फिजिओथेरपिस्टला विचारून घ्यावं. विस्मरणाच्या आजारात ओळखीचे वास फार बोलतात. तुळस, पुदिना, मोगरा हाताशी ठेवा. कण्हेर, धोतरा, डिफेनबेकिया मात्र त्या घरातून काढून टाका, कारण ती विषारी आहेत आणि पान तोंडात जायला वेळ लागत नाही.

मधुमेह असेल तर अनवाणी बागेत जायचं नाही. पायाची जाणीव कमी झालेली असते, काटा रुतल्याचं कळत नाही आणि जखम आठवड्यानं दिसते. इन्सुलिन घेणाऱ्यानं उपाशीपोटी काम करू नये आणि खिशात साखर ठेवावी. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. दहा वर्षांत लस झाली नसेल तर आधी ती घ्या, मग खुरपं घ्या. दम्याच्या माणसानं कोरडं खत किंवा कोकोपीट चाळू नये, आधी पाणी शिंपडावं आणि तोंडाला फडकं बांधावं. गाजरगवत उघड्या हातानं उपटू नये. एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. लिथियम घेणाऱ्या माणसाला घाम जास्त जाऊन पाणी कमी पडलं तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. मानसिक आजाराच्या इतर काही औषधांनीही उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. हात थरथरू लागले, मळमळ झाली, चाल अडखळली तर थेट डॉक्टरकडं जावं. अशा माणसानं उन्हाळ्यात सकाळीच काम करावं आणि पाण्याची बाटली कुंडीशेजारी ठेवावी. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा पुसून कोरड्या करा. डेंगीचा डास तेवढ्या साचल्या पाण्यात आठवड्याभरात तयार होतो. रचलेल्या विटा आणि रिकाम्या कुंड्या उचलताना आधी काठीनं हलवा, खाली विंचू असतो.

किडीचा प्रश्न येणारच. मिरचीवर मावा, जास्वंदावर कापसासारखा पिठ्या ढेकूण, भेंडीवर पांढरी माशी. आपल्याकडं फवारणीच्या विषालाही ‘औषध’च म्हणतात, आणि या एका शब्दानं इथल्या किती घरांत घात केला आहे. ज्या घरात कुणी उदास आहे, कर्जानं गांजलेलं आहे, किंवा मरणाची भाषा बोलून गेलं आहे, त्या घरात ते औषध नसावं. कुंड्यांसाठी तर नाहीच नाही, आणि शेतासाठीचं असेल तर ते घराबाहेर, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडं. अशी इच्छा बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. त्या वेळी विष हाताशी नसलं तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. तशी भाषा कानावर आली तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि रात्रीही लागतो. बाग ही डॉक्टरांच्या गोळ्यांच्या जोडीला आहे. ‘आता झाडं लावलीत, गोळ्या बंद करू’ असं कुणी म्हणालं तर त्याला तिथंच थांबवावं.

माव्याला आणि पांढऱ्या माशीला कडुलिंबाच्या निंबोळ्या पुरतात. जूनमध्ये झाडाखाली सडा पडतो तेव्हा वेचाव्या, गर धुऊन सावलीत वाळवाव्या. पन्नास ग्रॅम बी ठेचून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावं, सकाळी फडक्यातून गाळावं, चिमूटभर साबणाचा चुरा घालावा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनं फवारावं. अर्क त्याच दिवशी संपवावा, दुसऱ्या दिवशी त्यात जोर राहत नाही. निंबोळ्या वेचणं हे कामही चांगलं आहे, कडुलिंबाच्या सावलीत बसून होतं. पिठ्या ढेकूण तर ओल्या फडक्यानं पुसूनच जातो, आणि पुसण्यातही एक शांत अर्धा तास जातो.

फेब्रुवारीत उन्हाची तयारी सुरू करावी. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांना बाहेरून चुना लावावा. गच्चीचा स्लॅब रात्रीही धग सोडतो, म्हणून प्रत्येक कुंडीखाली दोन विटा ठेवाव्या. सगळ्या कुंड्या भिंतीच्या पूर्वेच्या अंगाला एकमेकींना चिकटवून आणाव्या. बाहेरच्या कुंड्या आतल्यांना सावली देतात. परगावी जायचं असेल तर रंग न लावलेलं छोटं मडकं मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावं आणि वर झाकण घालावं, ते झिरपत राहतं. जड पाण्यानं वर्षभरात त्याची छिद्रं बुजतात, तेव्हा घासणीनं खरवडून घ्यावं.

आठातली एक कुंडी मोगऱ्याची असू द्या. बाकी सगळं जेव्हा जीव धरून असतं तेव्हा तो फुलतो, आणि म्हणूनच मी त्याचा आग्रह धरतो. जानेवारीत पंधरा दिवस त्याचं पाणी कमी करावं, मग फांद्या एकतृतीयांश छाटाव्या, उरलेली पानं ओरबाडावी, वरची दोन इंच माती काढून शेणखत भरावं आणि पाणी सुरू करावं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ते आपल्या चुनखडीच्या पाण्यामुळं. लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा फवारावं. मार्चपासून कळ्या धरतात. त्या संध्याकाळी तोडायच्या, पांढऱ्या झालेल्या पण न उमललेल्या, आणि ओल्या रुमालात गुंडाळून ठेवायच्या. टँकर उद्या येणार असतो, बादलीत शेवटचा दीड तांब्या उरलेला असतो, आणि तो घालायला आबा चप्पल शोधत असतात.